बिनतारी जाळ्याची मालकी

ज्या घरात आपण राहतो त्याच्या किल्ल्या कोणाकोणापाशी आहेत हे ठाऊक असणे, हा गृहस्थीचा अगदी पहिला बंदोबस्त होय. आणि तरीही आज आपल्या शहरांतील असंख्य घरांत अशी एक किल्ली असते की जी घरधन्याने स्वतः घडविलेली नसते, आणि जी इंटरनेट कंपनीच्या तंत्रज्ञाने दाराशी चपला काढून आत आल्यावर, आपल्याच मोबाइलवर दोन-चार मिनिटांत तयार करून, पुष्कळदा घरधन्याचा दूरध्वनी क्रमांक हाच पासवर्ड ठेवून, त्याच्या हवाली केलेली असते. डोळस घरधनी ती पुढे केव्हाही बदलू शकतो; तो बदलत नाही, ही त्याच्या आळसाची गोष्ट झाली. अंध घरधन्याला आळस करण्याचीही मुभा नसते, कारण बदलण्याचा मार्गच त्याच्यासाठी बहुधा बंद असतो. मला मांडावयाचे आहे ते एवढेच, की घरात इंटरनेट असणे आणि ते आपल्या हाताने उभे करता येणे यांत वहिवाट आणि मालकी यांच्यामधले अंतर आहे, आणि अंधांच्या सोयींविषयी आपल्याकडे जो विचार, जो कायदा आणि जो परोपकार झाला तो जवळजवळ सारा वहिवाटीपाशी येऊन थांबला आहे.

मी स्वतः दृष्टिहीन आहे, आणि माझ्यासारख्याच्या घरात या जाळ्याचे स्थान कोणते हे आधी सांगितले पाहिजे, कारण ‘वाय-फाय’ म्हटले की डोळस वाचकाच्या मनात प्रथम करमणूक उभी राहते. मला वर्तमानपत्र त्यावरूनच मिळते, २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालया’तून पुस्तके त्यावरूनच उतरवून घेता येतात, टपालाने आलेल्या कागदाचे छायाचित्र काढून त्यात काय आहे ते विचारावयाचे, तर तेही बहुधा त्यावरूनच. हे सारे शक्य झाले ते पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडरमुळे. आणि त्यांपैकी एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर २००६ साली लिहावयास घेतला तो मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने, ज्याला पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर येऊन मिळाला. ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो. ज्या साधनावर जगातील इतके अंध लोक आज लिहितात, वाचतात आणि नोकऱ्या करतात ते साधन अंधांनी बांधले, आणि त्याच अंधांना घराच्या कोपऱ्यातली एक प्लॅस्टिकची डबी स्वतः चालू करणे दुरापास्त व्हावे, हा विसंवाद निसर्गाने निर्माण केलेला असणे शक्य नाही.

प्रत्यक्ष काम काय असते ते पाहू. फायबरचा काचेचा तंतू वितळवून सांधणे हे कंपनीच्या माणसाचे काम. ते घरबसल्या डोळसालाही साधत नाही, म्हणून मी ते वादाबाहेर ठेवतो. त्यापुढचे जवळजवळ सर्व काम हाताचे आहे, आणि हाताच्या कामात आंधळेपणाची अडचण लोक समजतात तेवढी नसते. अनेक राउटरांच्या पाठीवर चौकोनी खाचांची रांग असते. चार खाचा एकमेकींना लगटून आणि एक, बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी राखलेली, किंचित दूर. उत्पादक तिला निराळा रंग देतो, पण ते अंतर बोटाला रंगाइतक्याच लवकर कळते. केबलच्या टोकाला एका बाजूस जिभली असते. ती योग्य खाचेत पूर्ण बसली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि केबल ओढली तरी निघत नाही. ॲडॅप्टर काही वेळाने कोमट लागला म्हणजे वीज पोचली. पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालून सुमारे दहा सेकंद दाबून धरली की बहुतेक उपकरणे कारखान्यातून निघाल्या वेळच्या मूळ स्थितीत जातात. येथवर डोळस आणि अंध यांच्यात फरक पडलाच तर पाच-दहा मिनिटांचा पडेल.

फरक सुरू होतो तो राउटर उपडा केल्यावर. त्याच्या तळाशी एक चिठ्ठी डकविलेली असते, आणि जाळ्याचे मूळ नाव, मूळ पासवर्ड, व्यवस्थापनाच्या पानावर प्रवेश करण्याचे नाव व परवलीचा शब्द हा सगळा दस्तऐवज तीवर अशा बारीक टायपात छापलेला असतो की चाळिशी ओलांडलेल्या डोळसालाही चष्मा शोधावा लागतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मजकूर वाचून दाखविणारी ॲप आज आहेत, आणि ती या प्रसंगी खरोखर कामास येतात. मात्र शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि लहान ‘एल’ यांच्यात ती हमखास गोंधळतात, आणि पासवर्डात संदर्भावरून अक्षर ओळखण्याची सोय नसल्यामुळे एका चिन्हाच्या संशयावर सगळी खटपट अडून राहते. ज्याला ब्रेल येते तो हा पासवर्ड एकदा नक्की झाल्यावर ब्रेल पट्टीवर उमटवून राउटरच्या पाठीवर चिकटवून टाकतो, आणि माझ्या मते सगळ्या व्यवहारातला हा सर्वांत शहाणपणाचा भाग आहे. तीच अक्षरे कारखान्यानेच उठावदार छापली असती, किंवा संशयास्पद चिन्हे वगळून पासवर्ड रचला असता, तर उत्पादकाचे फारसे काय वेचले असते?

यानंतर व्यवस्थापनाचे पान. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ यांसारखा अंकांचा पत्ता लिहिला की ते उघडते, आणि घराच्या जाळ्याची सर्व मुखत्यारी या एका पानावर असते. कोणते उपकरण आत घ्यावे, कोणते बाहेर काढावे, पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे की नाही, मुलांच्या अभ्यासाच्या वेळी काय बंद असावे, हे सारे येथे ठरते. तत्त्वतः अंधाला याहून सोयीचे स्थान नाही, कारण पान म्हणजे अखेर मजकूर, आणि मजकूर वाचणे हेच तर स्क्रीन रीडरचे काम. प्रत्यक्षात मात्र कित्येक राउटरांच्या पानांवर स्क्रीन रीडर ‘बटण’, ‘बटण’, ‘बटण’ एवढेच म्हणत पुढे जातो, कारण बटणांवर चित्रे काढली आहेत आणि त्या चित्रांना नावे देण्याचे कोणाच्या मनातच आले नाही. चूक झाली तर चुकलेली चौकट तांबडी होते. पासवर्ड बळकट आहे की दुबळा, हे रंगीत पट्टीने दाखविले जाते. काही उपकरणे तर प्रवेशाच्या वेळी वेडीवाकडी अक्षरे काढलेले चित्र पुढे करून ती ओळखावयास सांगतात, जणू काय घरात बसून स्वतःच्याच यंत्राशी बोलणारा माणूस हा यंत्रमानव असण्याचा संशय आधी दूर व्हावयास हवा. चित्राला पर्यायी मजकूर द्यावा, हा वेबच्या सुगम्यतेविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतला पहिला नियम ५ मे १९९९ रोजी प्रसिद्ध झाला. पाव शतक उलटून गेल्यावर त्याला ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणून सवलत मागता येणार नाही.

येथे थोडे मागे जाणे इष्ट ठरेल, कारण तारायंत्रांची जाळी नेहमीच अशी मुकी होती असा समज होण्याचा संभव आहे. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या दूरध्वनीची यंत्रणा एके काळी आपली आज्ञापत्रे त्याच तारेवरून, मानवी कानाला ऐकू येणाऱ्या स्वरांत पाठवीत असे. रिकाम्या तारेची खूण म्हणजे २६०० हर्ट्‌झचा एक अखंड स्वर. १९४९ साली जन्मलेल्या जो एन्ग्रेसिया या जन्मांध मुलाला निसर्गाने स्वरांची अचूक पारख दिली होती, आणि लहानपणीच त्याच्या ध्यानात आले की तो स्वर आपण नुसत्या शिटीने काढला तर पलीकडच्या यंत्राला वाटते की ग्राहकाने दूरध्वनी खाली ठेवला, आणि मग त्या मोकळ्या तारेवरून हवे तिकडे जाता येते. विद्यापीठात असताना सोबत्यांना फुकट संभाषणे लावून दिल्याबद्दल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. १९७१ साली ‘एस्क्वायर’ मासिकातील एका लेखामुळे तो आणि त्याच्यासारखे छंदिष्ट, ज्यांत इतरही अंध तरुण होते, सर्वतोमुखी झाले. त्याच्या कृत्याची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. पण जगातल्या सर्वांत मोठ्या यंत्रजाळ्याचे अंतरंग एका अंध मुलाने केवळ कानाने उलगडले, याचा अर्थ ते जाळे कानाला उघडे होते, असाच होतो.

आपल्याकडेही १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट दिले तेव्हा ते ऐकू येत असे. मोडेम क्रमांक फिरवी, पलीकडचा मोडेम शीळ घालून उत्तर देई, मग दोघांची घसाखरवड चाले आणि आवाज थांबला की समजावे, जोडणी झाली. ‘एंगेज’ स्वर आला तर अर्थातच नाही. ज्याला सगळे लोक कर्कश म्हणून नावे ठेवीत तो गोंगाट अंध ग्राहकाला पूर्ण हकिगत सांगत होता. पुढे यंत्रे सुधारली, गती हजारो पटींनी वाढली, आणि कोणीही अंधांना वगळण्याचा ठराव न करता ती गप्प झाली व फक्त दिव्यांनी बोलू लागली. दिव्याची निवड उघडपणे स्वस्ताईची होती, तीत दुष्टावा मुळीच नव्हता. परंतु परिणामाच्या दृष्टीने अनवधान आणि दुष्टावा यांत फरक करणे मोठे कठीण असते.

दिव्यांचा हा अंमल किती दूर पोचला आहे, याचा अनुभव जोडणी तुटल्यावर येतो. तक्रार नोंदवावयास दूरध्वनी करावा, तर पलीकडच्या सौजन्यशील तरुणाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, राउटरवर कोणता दिवा लागलाय? लाल दिसतोय का?’ मला दिसत नाही असे सांगितले की क्षणभर शांतता पसरते आणि मग तो विचारतो, ‘घरात दुसरं कोणी आहे का?’ या दुसऱ्या प्रश्नात आपल्या समाजाचे अपंगत्वविषयक धोरण जेवढे स्वच्छ उमटते तेवढे ते कोणत्याही शासकीय परिपत्रकात उमटत नाही. वास्तविक दिवा हा फार दरिद्री साक्षीदार आहे. तो लाल असला तर प्रकाशाचा संकेत येत नाही एवढेच सांगतो. पण व्यवस्थापनाच्या पानावर, ते वाचता येत असेल तर, आत येणाऱ्या प्रकाशाची शक्ती अंकांत दिलेली असते, आणि घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीत ती उणे आठ ते उणे सत्तावीस डीबीएम यांच्या दरम्यान असावी लागते. ज्याला उणे २९ हा आकडा ऐकू आला तो तंत्रज्ञाला नेमके सांगू शकतो, की तार तुटलेली नाही, कोठेतरी वाकलेली आहे अगर सांधा मळलेला आहे. त्याचप्रमाणे मोबाइल जाळ्याला जोडला जातो पण पान उघडत नाही, किंवा पान उघडते पण बाहेरचे काहीच येत नाही, यावरून दोष घरातला की रस्त्यावरचा हेही ठरविता येते. म्हणजे अंधाला या कामासाठी डोळसाच्या पातळीवर ‘आणून सोडण्याचा’ प्रश्नच नाही. माहिती शब्दांत दिली तर दोघेही आजच्याहून वरच्या पातळीवर जातील.

अनवधानाचे आणखी एक उदाहरण मला फार बोधप्रद वाटते. २००६ साली वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघाने डब्ल्यूपीएस ही पद्धत आणली: राउटरवरचे एक बटण दाबावे, दोन मिनिटांच्या आत नव्या उपकरणाचेही दाबावे, आणि पासवर्ड न लिहिता दोहोंची ओळख पटावी. अंधासाठी याहून सरळ रीत कल्पिता येणार नाही. परंतु त्याच पद्धतीत बटणाऐवजी आठ अंकी क्रमांकाचाही पर्याय होता, आणि त्याचे दोन भाग यंत्र वेगवेगळे तपासून चूक-बरोबर सांगत असल्यामुळे, एक कोटी नव्हे तर जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो क्रमांक हुडकता येतो हे स्टेफान फीबॉक या संशोधकाने डिसेंबर २०११ मध्ये जाहीर केले. दोष अंकांचा होता. शिक्षा बटणालाही झाली. सुरक्षिततेच्या सल्लागारांनी पद्धतच बंद ठेवावयास सांगितले, आणि नव्या डब्ल्यूपीए-३ बंदोबस्तात तिला थाराच मिळाला नाही. २०१८ साली तिच्या जागी आलेली ‘ईझी कनेक्ट’ पद्धत मुख्यतः क्यूआर कोडावर, म्हणजे कॅमेरा नेमका रोखण्यावर उभी आहे. क्यूआर कोड अंधाला अशक्य आहे असे मी म्हणणार नाही. त्याची कड बोटाला लागेल अशी उठावदार केली तर पुष्कळसे काम होते. पण स्पर्शाची जागा दृष्टीने घेतली तेव्हा त्या बैठकीत कोणी एकाने तरी ही गोष्ट उच्चारली असेल काय, याविषयी माझ्या मनात शंका आहे.

आता आक्षेपाकडे वळतो, कारण तो क्षुल्लक नाही. कोणी म्हणेल, की तंत्रज्ञ विनामूल्य येतो, पंधरा मिनिटांत काम करून जातो, शंभरांतले नव्वद डोळस लोकही स्वतः काही करीत नाहीत. मनुष्य हा मुळातच परस्परावलंबी प्राणी असताना अंधांनीच स्वावलंबनाचा हा सोवळा आग्रह का धरावा? केनेथ जर्निगन हे अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेचे स्वतः अंध असलेले अध्वर्यू. त्यांच्यावर नेमका उलट बाजूने असाच आक्षेप आला होता. पांढरी काठी बाजूस ठेवून ते कोणाच्या हाताला धरून चालतात, मग त्यांचे स्वातंत्र्य कोठे गेले, असे काही विद्यार्थ्यांनी विचारले, आणि १९९३ सालच्या एका भाषणात त्यांनी त्याचे जे उत्तर दिले त्याचे सार असे, की काठी वापरता येत असूनही न वापरणे ही माणसाची निवड आहे, आणि स्वातंत्र्य त्या निवडीत आहे. मला हे उत्तर पूर्ण मान्य आहे. मीही तंत्रज्ञाला बोलवीन, चहा देईन, आणि काम त्याच्याकडूनच करून घेईन. परंतु तो रविवारी आला नाही, अगर मला तो आवडला नाही, अगर त्याने काय केले ते मला तपासून पाहावयाचे असले, तर माझ्या हाती दुसरा इलाज असला पाहिजे. डोळस ग्राहकाला तो आहे, आणि तो न वापरण्याची चैन त्याला त्यामुळेच परवडते.

शिवाय येथे सोयीपेक्षा जोखमीचा प्रश्न मोठा आहे. व्यवस्थापनाच्या पानाचा परवलीचा शब्द ज्याच्या हाती असतो त्याला घरात कोणकोणती उपकरणे आहेत आणि ती केव्हा जागी असतात हे दिसते; नावांचे पत्त्यांत रूपांतर कोणत्या संगणकाने करावे हेही तो ठरवू शकतो, आणि म्हणून बँकेचे नाव लिहिणाऱ्याला दुसऱ्याच कोणाच्या दारात नेऊन उभे करणे त्याला अशक्य नसते. आपल्याकडे अंध माणसाचा हा शब्द बहुधा तंत्रज्ञाला, शेजारच्या मुलाला, भाच्याला आणि भाच्याच्या मित्राला ठाऊक असतो. ही सगळी माणसे सज्जन असतात. किंबहुना ती सज्जन असतात म्हणूनच व्यवहार चालतो. पण ज्या मालमत्तेचे रक्षण केवळ शेजाऱ्यांच्या सज्जनपणावर विसंबून आहे तिच्या धन्याला धनी म्हणणे हा शिष्टाचार झाला. आपल्या मदतनीसाविषयी संशय व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य दुबळ्या माणसाला सहसा नसते. पासवर्ड बदलला तर भाचा विचारतो, ‘मामा, माझ्यावर विश्वास नाही का?’

उपकरणे पहिल्या क्षणापासून बोलू शकत नाहीत, असेही नाही. आयफोनमध्ये २००९ सालापासून व्हॉइसओव्हर हा वाचक आहे, आणि आज नवा आयफोन खोक्यातून काढून ठरलेले बटण तीनदा दाबले की भाषा निवडण्याच्या पहिल्या पडद्यापासून तो बोलू लागतो. अँड्रॉइडच्या अनेक फोनांत स्वागताच्या पडद्यावर दोन बोटे टेकवून ठेवली की टॉकबॅक जागा होतो. विंडोजमध्ये तीन कळा एकत्र दाबल्या की संगणकाची प्रथम मांडणी चालू असतानाच नॅरेटर वाचू लागतो. कोट्यवधी यंत्रांत ही तजवीज आहे. राउटरच्या डबीत मात्र, जोडणी झाली तर एक सूर आणि बिघडली तर दुसरा, एवढाही कंठ नसतो.

कायद्याची स्थिती वाटते तितकी निराशाजनक नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाच्या ४२ व्या कलमात, दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हावीत यासाठी शासनाने उपाय योजावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. राउटर हे दैनंदिन वापराचे उपकरण नाही असे आज कोणता वकील म्हणेल? उणीव होती ती सक्तीची. राजीव रतूडी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले: सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा २०१७ च्या नियमावलीतील पंधरावा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवून, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास केंद्र सरकारला फर्माविले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन असलेले अमर जैन यांच्या याचिकांवर निर्णय देताना, पापणी लवविण्याची अट घालणारी ऑनलाइन ओळख-पडताळणी बदलण्याचे आदेश देऊन, डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय असे त्याच न्यायालयाने सांगितले. त्या पडताळणीने अंधाला सेवेच्या दाराबाहेर ठेवले होते. राउटर त्याला आत घेतो आणि उंबरठ्यावर बसवून ठेवतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या सुगम्यता निर्देशात, जो २८ जून २०२५ पासून लागू झाला, ग्राहकाच्या संपर्कसाधनांत राउटर आणि मोडेम यांचाही समावेश समजावा असे प्रास्ताविकात नावानिशी लिहिलेले आहे, आणि आपल्या नियमकर्त्यांनी निदान ते एक वाक्य उचलावे.

नियम होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही, कारण या देशात राउटरांचा एक मोठा खरेदीदार स्वतः सरकार आहे. सरकारी दूरसंचार कंपनी, ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी भारतनेट योजना, शाळा, रुग्णालये, कचेऱ्या यांच्यासाठी निविदा निघतात, आणि निविदेत तापमान, आर्द्रता व वीजदाब यांच्या अटी घालताना खरेदी अधिकाऱ्याची लेखणी कधी अडखळत नाही. तेथेच पासवर्डाची अक्षरे बोटाला वाचता यावीत आणि व्यवस्थापनाचे पान स्क्रीन रीडरने सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरता यावे, ही आणखी एक अट लिहावी. आणि मालाच्या तपासणीच्या दिवशी, तज्ज्ञांच्या समितीबरोबर, एका अंध ग्राहकाला बंद डबा, केबल आणि त्याचा स्वतःचा फोन देऊन एका खोलीत एकटे बसवावे. त्याने जोडणी उभारून, जाळ्याचे नाव व पासवर्ड आपल्या पसंतीचा ठेवून, त्याच जाळ्यावरून समितीला पोच धाडली तर माल पास करावा. धाडता आली नाही, तर पुरवठादाराच्या खर्चाने परत पाठवावा.